मशीन कसं आहे ते

सान्तान,
तू विचारलंस मशीन कसं आहे, आईला जमतं का.
घाईत मत द्यायची माझी सवय नाही,
जुलैपासून नाताळापर्यंत बघितलं, मग लिहायला बसलो.
मी मराठी शाळेतला, लिहिणार मराठीतच.
तुझ्या कॅम्पातला तो वेंगुर्ल्याचा फोरमन वाचून दाखवेल.
त्याला सांग, सावकाश वाच.

खोका दाबोळीच्या कस्टमवाल्यांनी एका बाजूने फाडलेला,
आत मशीनला ओरखडा नाही.
वजन केळीच्या भरल्या लोंगराएवढं.
चित्र स्वच्छ. फक्त संध्याकाळी सातला
वायंगणाचे पंप सुरू झाले की दोन्ही कडांनी आक्रसतं
आणि तू आहेस त्याहून बारीक दिसतोस.
मावशी घाबरली होती. स्टॅबिलायझर बसवला.
आवाज उत्तम. तुझा खोकलासुद्धा ऐकू येतो,
त्याचं औषध घे.

हवा दमट झाली की लाल दिवा लावून अडून बसतं.
पुस्तकात लिहिलंय, दोन तास थांबा.
पुस्तक लिहिणाऱ्याने कुडतरीचा जुलै पाहिलेला नाही.
मागे चाळीसचा बल्ब लावून दिला.
मावशी म्हणाली, काय रे शाबा, अंडी उबवायची आहेत?

घड्याळ मी तीनदा लावलं, तीनदा लाइट गेली.
आता कायमचे बारा वाजलेत, उघडझाप करत.
मावशी म्हणते राहू दे,
दुपारची इगर्जेची घंटा होते तेव्हा तरी
ते खरं बोलतं.

रिमोटला वायर आहे, साडेतीन मीटर.
जेवणाच्या टेबलापर्यंत पुरते, चुलीपर्यंत नाही.
हे तू मोजून घेतलं नव्हतंस.

बटणं अकरा. तिला त्यातली नऊ नकोत.
'चालू'वर तांदळाचा दाणा चिकटवून दिला,
'थांब'वर माझ्या मुलीचं नेलपॉलिश.
चार दिवसांत शिकली. माझा हेल्पर
अजून फ्यूज शोधतोय.

आता मुख्य.
कॅसेटवर तू विचारतोस, गुडघा कसा आहे?
आणि तसाच पुढे बोलत सुटतोस,
उत्तराला जागा न ठेवता.
ती लाल ठिपका दाबते.
पडद्यावर तुझं तोंड अर्धं उघडं.
ती सांगते. गुडघा, मग डॉक्टर,
मग रोझालीनच्या मुलीचं लग्न मोडलं ते,
मग विहिरीचा रहाट, मग परत गुडघा.
मी मागे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला,
मलाही वाटलं, ऐकतोयस.

पण हे मशीन पाच मिनिटांवर थांबत नाही.
हेड झिजू नये म्हणून आपोआप सुटतं
आणि तू तिला मध्येच तोडतोस,
ओव्हरटाइम, खजूर, बंगाली कुक.
पिएदाद मावशी माझ्याकडे वळून म्हणाली,
लहानपणापासून असाच, पुरतं ऐकून घेत नाही.
मग म्हणाली, वाढवता येईल का रे थोडं?
मी झाकण उघडलं. येत नाही, मला माहीत होतं.
तरी अर्धा तास आत बघत बसलो.

जिथे ती थांबवते तिथे फीत घासलीय.
गुडघ्याच्या प्रश्नावर आता तुझ्या ओठांवरून
पांढरी रेघ धावते.
हेड स्पिरिटने दोनदा पुसलं.
दोष फितीत आहे, मशीनमध्ये नाही.

तेव्हा माझं मत : मशीन चांगलं. वापरायला सोपं.
कॅसेट मात्र नवी पाठव.
या खेपेला प्रश्न विचारलास की गप्प बस,
कॅमेऱ्याकडे बघत.
मित्राला सांग बंद करू नको.
दहा मिनिटं धर, फीत तीन तासांची असते.
मध्ये एकदा मान हलवलीस तर बरं.

स्टॅबिलायझरचे साडेतीनशे, बल्बचे सहा.
तांदळाचा दाणा काल कोंबडीने टिपला,
नवा लावलाय, त्याचे काही नाही.

शाबा शिरवईकर,
रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, कुडतरी